आधी प्रश्न, मग एक्स-रे

चाळिशीतले एक गृहस्थ खुर्चीत बसले, मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "डॉक्टर, या दाढेचं रूट कॅनाल करायला सांगितलंय." मोबाइलवर त्यांचा ओपीजी होता, म्हणजे डोक्याभोवती फिरणाऱ्या यंत्राने एका फेरीत काढलेला दोन्ही जबड्यांचा एक्स-रे. खालच्या उजव्या दुसऱ्या उपदाढेच्या मुळाशी कोणीतरी लाल वर्तुळ काढले होते आणि त्या वर्तुळात हरभऱ्याच्या डाळीएवढी काळी छाया होती. दुखते का, असे विचारले तर नाही म्हणाले. सूज आली नव्हती, थंड-गरम लागत नव्हते, दाताला कीड नव्हती की जुने फिलिंग नव्हते. कापसाच्या बोळ्यावर थंड फवारा मारून तो दाताला टेकवला, तेव्हा शेजारच्या दाताप्रमाणेच क्षणभर झिणझिणी आली आणि विरून गेली. आतली नस जिवंत होती. मग त्या एकाच दाताचे दोन छोटे एक्स-रे घेतले, एक सरळ आणि दुसरा किरण सोडणारी नळी थोडी बाजूला सरकवून. दुसऱ्या चित्रात ती काळी छाया मुळापासून सुटून बाजूला गेली. मुळाशी पू असता तर नळी कुठूनही रोखली तरी छाया मुळाला धरून राहिली असती. लंडनच्या क्लार्क यांनी १९१० मध्ये मांडलेली ही युक्ती आजही पहिल्या काही धड्यांत शिकवली जाते.

त्या जागी माणसाच्या जबड्यात एक नैसर्गिक छिद्र असते. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहून नेणारी नस तिथून बाहेर पडते. लाल वर्तुळ त्या छिद्राभोवती काढलेले होते. गृहस्थ खरे तर दुसऱ्या एका दवाखान्यात दात साफ करून घ्यायला गेले होते. नाव नोंदवल्यावर त्यांना आधी यंत्रापुढे उभे करण्यात आले आणि तोंडात आरसा गेला तो चित्र पडद्यावर आल्यानंतर. ते चित्र वाचणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका घ्यायची नाही. ती छाया दंतवैद्यकाच्या बहुतेक विद्यार्थ्यांना एकदा तरी चकवते. माझी हरकत क्रमाला आहे. तोंड तपासून मनात एखादा नेमका प्रश्न उभा राहिल्याशिवाय दाताचा एक्स-रे काढला जाऊ नये, आणि काढलेला एक्स-रे लेखी निष्कर्षासह रुग्णाच्या हाती पडलाच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज या दोन्ही गोष्टी व्यवहारात डॉक्टरच्या मर्जीवर सोडलेल्या आहेत. त्या नियमाने बंधनकारक व्हायला हव्यात, असे मी म्हणतो त्यामागे या तंत्राचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो वाचला की जाणवते की यंत्र दर पिढीत सुधारत गेले, पण ते केव्हा चालवायचे याचा विवेक मात्र प्रत्येक पिढीला नव्याने आणि बरेचदा फार मोठी किंमत मोजून शिकावा लागला.

विल्हेल्म राँटजेन यांना ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतल्या व्युर्झबुर्ग येथे हे किरण गवसले. त्यांनी ते जाहीर केल्यानंतर दोनेक आठवड्यांतच, जानेवारी १८९६ मध्ये, ब्राउनश्वाइगचे दंतवैद्य ओटो वाल्कहोफ यांनी काळ्या कागदात आणि रबरात गुंडाळलेली काचेची फोटोपट्टी स्वतःच्या तोंडात धरली, मित्र फ्रिट्झ गीझल यांच्या मदतीने किरण सोडले आणि ते २५ मिनिटे निश्चल राहिले. आज त्याच कामाला सेकंदाचा काही अंश पुरतो. त्या २५ मिनिटांचा त्रास सोसवत नव्हता, पण हाती आलेले चित्र पाहून अतिशय आनंद झाला, अशा अर्थाचे त्यांनी नंतर लिहिले. त्या आनंदात आपण कशाशी खेळतो आहोत याची कल्पना कोणालाच नव्हती. गीझल पुढे किरणांच्या माऱ्यातून उद्भवलेल्या कर्करोगाने १९२७ मध्ये गेले.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचे दंतवैद्य एडमंड केल्स यांनी १८९६ च्या उन्हाळ्यात आपल्या व्यवसायबंधूंपुढे या यंत्राचे प्रात्यक्षिक केले. तेव्हाच्या वायूने भरलेल्या नळ्या लहरी असत. आज नीट चालणारी नळी उद्या मंदावे. म्हणून प्रत्येक रुग्णाआधी केल्स आपला पंजा नळी आणि चमकणारा पडदा यांच्यामध्ये धरत आणि हाडे स्पष्ट दिसेपर्यंत नळी जुळवत. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षे हे चालले. पुढे त्यांच्या हातावर कर्करोग उमटला. एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, बोटे गेली, मग हात गेला. मे १९२८ मध्ये त्यांनी वेदना असह्य होऊन आपले आयुष्य संपवले. त्याच वर्षी जुलैत स्टॉकहोम येथे किरणांपासून संरक्षणाची आंतरराष्ट्रीय समिती स्थापन झाली, जी आज आयसीआरपी या नावाने ओळखली जाते. केल्स यांना ती पाहायला मिळाली नाही.

या हानीची सूचना वेळेवर मिळालीच नव्हती, असे कोणी म्हणू नये. बोस्टनचे विल्यम रॉलिन्स हे स्वतः दंतवैद्य होते. हे किरण गिनीपिगचा जीव घेऊ शकतात हे त्यांनी १९०१ मध्ये प्रयोगाने दाखवले. तेव्हा भाजणे आणि इतर इजा विजेमुळे होतात असे अनेकांना वाटे. रॉलिन्स यांनी दोष किरणांकडेच जातो हे स्पष्ट केले. नळी शिशाच्या आवरणात बंद करावी, किरण हव्या तेवढ्या भागापुरतेच बाहेर पडू द्यावेत, पाहणाऱ्याने शिसेयुक्त काचेचा चष्मा वापरावा आणि रुग्णाचे उरलेले शरीर झाकावे, असे उपाय त्यांनी तेव्हाच लिहून ठेवले. त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. ज्यांना चित्र मिळत होते त्यांना थांबायला वेळ नव्हता. आज दवाखान्यादवाखान्यांत माहीत असलेली खबरदारी एका दंतवैद्याने इतक्या आधी सांगितली होती, हे आठवले की माझ्या व्यवसायाचा अभिमान वाटतो आणि त्याच क्षणी खंतही वाटते.

मात्र मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो केल्स यांच्या आयुष्याचा दुसरा भाग, ज्याची आठवण कमी काढली जाते. १९१० मध्ये लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी कॅनडातल्या मॉन्ट्रियल येथे दिलेल्या व्याख्यानात तोंडातल्या घाणीवर आणि सदोष दंतोपचारांवर अनेक आजारांचे खापर फोडले. दाताच्या मुळाशी दडलेला संसर्ग सांधे, हृदय, मूत्रपिंड, इतकेच काय मनही बिघडवतो, असा विचार पाहता पाहता रुजला. १९१३ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम कूलिज यांची तापलेल्या तारेची एक्स-रे नळी आली. आता किरणांचे प्रमाण हवे तसे ठेवता येऊ लागले आणि एक्स-रे भरवशाचा झाला. भीतीला जणू डोळे मिळाले. वैद्याने रुग्णाला पाठवावे, दंतवैद्याने चित्र काढावे, मुळाशी काळी छाया दिसली की दात उपटावा, असा रिवाज पडला. दुखत नसलेले आणि जिवंत असलेले दात मोठ्या संख्येने काढले गेले. सांधेदुखी बहुतेकांची तशीच राहिली. दात तेवढे परत आले नाहीत.

अमेरिकन दंतवैद्यकात एक्स-रे रुजवण्यासाठी सर्वांत जास्त झटलेल्या मोजक्या लोकांपैकी केल्स एक होते. त्यांनीच १९२० मध्ये जाहीरपणे सांगितले की एक्स-रेच्या नावावर चाललेली ही दातांची कत्तल हा या युगाचा गुन्हा आहे, आणि वैद्याने चिठ्ठी दिली म्हणून निरोगी दात काढायला दंतवैद्याने ठाम नकार द्यावा. ज्या यंत्राने आपला हात खाल्ला त्या यंत्रावर त्यांनी राग धरला नाही. ते चुकीच्या रीतीने वापरणाऱ्यांवर धरला. माझ्यापुढे लाल वर्तुळाचा मोबाइल आला त्या दिवशी मला केल्स आठवले. छायेला तपासणीची जोड न देता आज्ञा मानण्याची चूक शंभर वर्षांनंतरही तीच आहे. यंत्र तेवढे गुळगुळीत झाले आहे आणि चित्र पडद्यावर यायला दोन सेकंद लागतात.

प्रश्नातून जन्मलेल्या तंत्राचे एक सुंदर उदाहरण याच काळातले आहे. इंडियानातले हॉवर्ड रेपर दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना एक्स-रे शिकवत. १९१३ मध्ये त्यांनी या विषयावरचे पाठ्यपुस्तक लिहिले. दोन दातांच्या मधे, जिथे आरसा आणि टोकदार सळई पोहोचत नाही, तिथली कीड दुखण्याआधी कशी ओळखावी, हा त्यांचा प्रश्न होता. १९२५ मध्ये त्यांनी फिल्मला एक छोटासा पुठ्ठ्याचा पंख जोडला. रुग्णाने तो दातांत धरायचा, म्हणजे फिल्म वरच्या आणि खालच्या दाढांच्या मागे सरळ उभी राहते आणि दोन्हींचे माथे एका चित्रात, एकमेकांवर न चढता दिसतात. बाइटविंग नावाने तो आजही वापरात आहे आणि लपलेली कीड शोधण्यासाठी त्याच्याइतके उपयुक्त साधन दवाखान्यात क्वचितच असेल. एक प्रश्न, त्याला साजेशी एक फिल्म, आणि किरणांचा अत्यंत थोडा खर्च.

ओपीजीची गोष्ट वेगळी. फिनलंडचे प्राध्यापक वेली पातेरो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस नळी आणि फिल्म डोक्याभोवती फिरवून जबड्याचा वाकलेला भाग सपाट कागदासारखा उलगडण्याची रीत बसवली, आणि १९६१ पासून त्यावर आधारलेली यंत्रे बाजारात येऊ लागली. अक्कलदाढ आडवी झाली आहे का, जबड्यात गाठ किंवा मोडलेले हाड आहे का, मुलाचे कायमचे दात उगवायच्या वाटेवर आहेत का, अशा प्रश्नांना हे चित्र उत्तम उत्तर देते. बारीक कीड मात्र ते नीट दाखवत नाही. उपदाढांच्या भागात दात एकमेकांवर चढलेले दिसतात, समोरच्या दातांवर मणक्याची पांढरट छाया पडते. शिवाय दातांच्या माना, म्हणजे इनॅमल जिथे संपते आणि हाड अजून सुरू झालेले नसते ती अरुंद जागा, किरणांना कमी अडवते म्हणून काळसर दिसते. ही फसवी काळी पट्टी छोट्या एक्स-रेमध्येही असते. ज्याने दाताला सळई लावून पाहिलेली नाही तो तिला कीड समजतो. ज्याला दुखत नाही, ज्याच्या तोंडाकडे अजून कोणी पाहिलेले नाही, त्याचा ओपीजी काढून त्यात किडी मोजणे हे बाइटविंगचे काम ओपीजीच्या गळ्यात मारणे आहे. बाइटविंगही सरसकट काढायचे नसतात. तोंड पाहून, कीड लागण्याचा धोका किती आहे ते जोखून काढायचे असतात.

१९८७ मध्ये फ्रान्सच्या फ्रान्सिस मुयेन यांच्या कल्पनेतून आरव्हीजी, म्हणजे दाताचा एक्स-रे थेट पडद्यावर दाखवणारे यंत्र, आले आणि फिल्मची जागा सेन्सरने घेतली. मी शिकलो तेव्हा काळ्या डब्याच्या दोन बाह्यांत हात घालून, आतल्या डेव्हलपर आणि फिक्सरच्या वाट्या चाचपत फिल्म धुवावी लागे. बोटांना आंबूस वास दिवसभर राहत असे. एक चित्र चुकले की पुन्हा तेच सारे, त्यामुळे बटण दाबण्याआधी नळीचा कोन दोनदा पाहायची सवय अंगी मुरली होती. सेन्सरने किरणांचा खर्च कमी केला हे निर्विवाद खरे, पण चित्र फुकटात पडल्यासारखे वाटू लागले आणि कोन चुकला तर लगेच दुसरे, मग तिसरे, असे घडू लागले. एका चित्रामागे वाचवलेले किरण तीन चित्रांत परत खर्ची पडतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी इटलीत आणि जपानमध्ये जवळपास एकाच वेळी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचे त्रिमिती चित्र काढणारे स्कॅन, साकारले, आणि जबडा तिन्ही दिशांनी पाहता येऊ लागला. इम्प्लांट बसवायचे असेल, किंवा अक्कलदाढेची मुळे नसेला टेकलेली असतील, तर त्याचे मोल फार मोठे आहे. साध्या किडीसाठी ते करणे अनाठायी आहे.

किरणांचा धोका मी फुगवून सांगणार नाही, कारण भीतीनेही नुकसानच होते. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणांचे माप) इतके किरण मिळतातच. एका दाताचा छोटा एक्स-रे म्हणजे त्यातल्या फार तर एखाद्या दिवसाचा वाटा, ओपीजी म्हणजे काही दिवसांचा. सीबीसीटीचा मात्र पल्ला मोठा आहे. यंत्र कोणते आणि किती भाग घेतला यावर तो दोनेक दिवसांपासून पाचेक महिन्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि वाढत्या वयाच्या मुलांना त्याची झळ अधिक. "एक्स-रे नको, मी गरोदर आहे," असे सांगून मुळाशी पू भरलेली दाढ तशीच घेऊन जाणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत. त्या पुवामुळे आईला आणि बाळाला होणारा त्रास त्या एका चित्राच्या धोक्यापेक्षा खूप मोठा असतो. गरज असेल तर एक्स-रे काढावा. गरज नसेल तर एकही नको.

सुरक्षिततेबद्दलची आपली समजूतही तपासून पाहायला हवी. रुग्णाच्या मते अंगावर टाकलेला शिशाचा एप्रन म्हणजे संरक्षण. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनने दातांच्या एक्स-रेसाठी एप्रन आणि गळ्यातली पट्टी यांचा सरसकट वापर थांबवावा अशी शिफारस केली. पोटापर्यंत पोहोचणारे किरण इतके थोडे असतात की एप्रनने विशेष फरक पडत नाही, आणि ओपीजी किंवा सीबीसीटीत गळ्याची पट्टी आड आली तर चित्र पुन्हा काढावे लागते. मोठा फरक पडतो तो नळीच्या तोंडाने. गोल तोंडाच्या नळीतून गालावर साधारण ७ सेंटिमीटर व्यासाचा झोत पडतो, म्हणजे सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. आणि फिल्म किंवा सेन्सर असतो ३ बाय ४ सेंटिमीटरचा, म्हणजे १२ चौरस सेंटिमीटर. उरलेले दोन तृतीयांश किरण चित्र न काढताच रुग्णाच्या डोक्यातून जातात. फिल्मच्या आकाराचे चौकोनी तोंड नळीला बसवले की हा अपव्यय जवळजवळ थांबतो. किरण हव्या त्या भागापुरते ठेवा, हे रॉलिन्स यांचे म्हणणे इथे अक्षरशः लागू होते. तरीही हा साधा भाग मी फार थोड्या दवाखान्यांत पाहिला आहे, कारण तो लावला तर नळी नेमकी रोखावी लागते, आणि नेमके रोखायला वेळ लागतो.

आपल्या देशात नियमांची चौकट नाही असे नाही. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून आहे, त्याचे मुख्यालय मुंबईतच आहे, आणि दंतवैद्यांची एक्स-रे यंत्रे त्या मंडळाच्या नियमांखाली येतात. पण हे नियम मुख्यतः यंत्राबद्दल आणि खोलीबद्दल बोलतात. एखादे चित्र का काढले, हे कोणी विचारत नाही. मी शिकत असताना एका दवाखान्यात मदतनीस मुलगी रुग्णाच्या तोंडातली फिल्म स्वतःच्या बोटाने धरून उभी राहत असे, दिवसातून पंधरा-वीस वेळा. तिला कोणी काही सांगितलेले नव्हते. केल्स यांची गोष्ट मी त्यानंतर वाचली आणि त्या मुलीचे बोट मला आजही डोळ्यांपुढे दिसते. फिल्म धरायचा प्लास्टिकचा होल्डर तेव्हाही बाजारात मिळत होता.

दुसरा मुद्दा चित्र कोणाचे, हा आहे. राँटजेन यांनी आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही. जे सापडले ते सगळ्यांचे, अशी त्यांची धारणा होती. आज रुग्णाने पैसे मोजून, स्वतःच्या शरीरातून किरण जाऊ देऊन काढलेले चित्र दवाखान्याच्या संगणकात अडकून पडते. मागितले तर पडद्याचा मोबाइलवर काढलेला तिरका फोटो मिळतो, ज्यावरून मुळाचे टोकही धड दिसत नाही. मग पुढचा डॉक्टर म्हणतो, नवा काढू. वैद्यकीय चित्रे कोणत्याही संगणकावर उघडावीत म्हणून डायकॉम नावाचे आंतरराष्ट्रीय मानक १९९३ पासून आहे, तेव्हा तांत्रिक अडचणीची सबब चालण्यासारखी नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमावलीत रुग्णाने मागितल्यास कागदपत्रे ७२ तासांत देण्याचे बंधन आहे. दंतवैद्याने तर मागण्याची वाटही पाहू नये. मूळ फाइल, चित्र का काढले त्याची एक ओळ, आणि त्यात काय दिसले याच्या दोन ओळी रुग्णाच्या पावतीबरोबर गेल्या पाहिजेत, असा नियम राज्य दंत परिषदेने करावा. "का" ही एक ओळ लिहिण्याची सक्ती झाली की यंत्र आधी आणि आरसा मागून हा क्रम आपोआप मोडेल, कारण तोंड न पाहता ती ओळ लिहिता येत नाही.

यावर माझे काही व्यवसायबंधू म्हणतात की अचानक एखादी गाठ सापडते, तिचे काय. सापडते, मलाही सापडल्या आहेत. पण क्वचित सापडणाऱ्या गाठीसाठी प्रत्येकाला यंत्रापुढे उभे करायचे ठरवले, तर वाटेत सापडणाऱ्या खोट्या छायांचा, त्यांच्यामागून येणाऱ्या नको त्या उपचारांचा आणि खर्चाचा हिशेबही मांडावा लागेल, आणि तो हिशेब कोणी मांडत नाही. दुसरे असे की या सगळ्या अतिरेकाच्या पलीकडे एक मोठी उणीव आहे. शहरातल्या एखाद्या माणसाचा दोन वर्षांत तीनदा ओपीजी निघतो आणि तालुक्याच्या गावी एखाद्या बाईची दाढ एकही चित्र न काढता उपटली जाते, मूळ आत मोडून राहते, आणि महिन्याभराने ती सुजलेला गाल घेऊन माझ्याकडे येते. तिला एका छोट्या एक्स-रेची खरी गरज होती. ग्रामीण रुग्णालयांतल्या दंत विभागांना छोटे एक्स-रे यंत्र, होल्डर, चौकोनी नळी आणि ते नीट चालवणारा माणूस मिळणे ही माझ्या लेखी कोणत्याही नव्या त्रिमिती यंत्रापेक्षा तातडीची गरज आहे.

लाल वर्तुळ घेऊन आलेल्या गृहस्थांना मी त्यांची दोन्ही चित्रे मूळ फाइलसह मेलवर पाठवली आणि खाली लिहिले: खालची उजवी दुसरी उपदाढ जिवंत, मुळाशी दिसणारी छाया नसेच्या नैसर्गिक छिद्राची, उपचाराची गरज नाही. पुढे त्यांची बदली झाली. नव्या गावातल्या डॉक्टरांनी ओपीजी काढू म्हटले तेव्हा त्यांनी तो मेल उघडून दाखवला. डॉक्टरांनी वाचला, दाताला थंड बोळा लावून पाहिला, आणि ज्या कामासाठी ते गेले होते ते दात साफ करण्याचे काम सुरू केले.